रुग्णालयातला कचरा जातो कुठे?

रुग्णालयात काय जाते हे आपण सगळे पाहतो. औषधांची खोकी जातात, सलाईनच्या बाटल्या जातात, कापसाची बंडले, प्राणवायूच्या टाक्या आणि नातेवाइकांचे डबे जातात. रुग्णालयातून काय बाहेर येते हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. रुग्ण बरा होऊन घरी आला की आपल्या दृष्टीने विषय संपतो. पण त्या रुग्णाला टोचलेली सुई, त्याच्या जखमेवरची पट्टी, त्याच्या हाताला लावलेली नळी, त्याच्या रक्ताची परीक्षानळी या वस्तूंचा प्रवास त्यानंतरच सुरू होतो. हा प्रवास नीट झाला नाही, तर एकाला बरे करणारे रुग्णालय दुसऱ्या कोणाला तरी आजारी पाडते. तो दुसरा माणूस बहुधा गरीब असतो.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकशास्त्राची नव्हे. तरीही हा विषय मी निवडला, कारण कचरा कोण निर्माण करतो, त्याची किंमत कोण मोजतो आणि त्यातून फायदा कोण काढतो हे प्रश्न मूलतः अर्थशास्त्राचेच आहेत. प्रस्तुत लेखात रुग्णालयीन कचऱ्याचे स्वरूप, त्यासंबंधीचा कायदा, पुनर्वापर व पुनश्चक्रीकरण यांतील भेद, आणि मुळात हा कचरा कमी कसा करता येईल, या क्रमाने विचार केला आहे.

कचऱ्याचे स्वरूप

रुग्णालयातला सगळा कचरा घातक असतो, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आरोग्यसेवेतून निघणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा आपल्या घरच्या कचऱ्यासारखाच साधा असतो. त्यात कागद, पुठ्ठे, फळांच्या साली, उरलेले अन्न, वेष्टने यांचा समावेश होतो. उरलेला सुमारे १५ टक्के कचराच संसर्गजन्य, रासायनिक किंवा किरणोत्सारी असतो.

या दोन आकड्यांतच संपूर्ण विषयाची किल्ली आहे. समजा, एका रुग्णालयातून दिवसाला १०० किलो कचरा निघतो. त्यातला १५ किलो घातक कचरा जागच्या जागी वेगळा ठेवला, तर प्रक्रिया करावी लागते फक्त १५ किलोवर. पण रक्ताने भिजलेले बोळे आणि पपईच्या साली एकाच बादलीत पडल्या, तर सालीही संसर्गजन्य झाल्या. मग १५ किलोंचा प्रश्न १०० किलोंचा होतो. दूध नासायला विरजणाचा एक थेंब पुरतो, तसेच हे आहे. म्हणून या शास्त्रातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की कचरा जिथे निर्माण होतो तिथेच, त्याच क्षणी, त्याचे वर्गीकरण झाले पाहिजे. नंतर कोणी निवडत बसणे हे महागही आहे आणि धोक्याचेही.

कायदा कसा आला

आपल्याकडे कितीतरी वर्षे रुग्णालयांचा कचरा नगरपालिकेच्या कचराकुंडीतच जात असे. दिल्लीतील कचऱ्यासंबंधी डॉ. बी. एल. वढेरा यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेचा निकाल १९९६ साली लागला. त्यात पन्नास व त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी कचऱ्याची भट्टी किंवा तितकीच परिणामकारक दुसरी व्यवस्था करावी असा आदेश होता. त्यानंतर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली जुलै १९९८ मध्ये जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम प्रथमच निघाले. त्यांत कचऱ्याचे दहा वर्ग होते. कामाच्या घाईत असलेल्या परिचारिकेने दहा वर्ग लक्षात ठेवावेत ही अपेक्षा अवघडच होती. मार्च २०१६ मध्ये नवे नियम आले आणि दहा वर्गांचे चार रंग झाले.

पिवळ्या पिशवीत शरीराचे काढलेले भाग, वार, रक्ताने किंवा पुवाने माखलेले बोळे व पट्ट्या, मुदत संपलेली औषधे इत्यादी टाकायचे. हा कचरा मुख्यतः जाळला जातो. लाल पिशवीत दूषित झालेले पण पुन्हा वितळवता येईल असे प्लॅस्टिक, म्हणजे सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. पांढऱ्या अर्धपारदर्शक, टोचून फुटणार नाही अशा डब्यात सुया, पाती आणि इतर धारदार वस्तू. निळ्यात काचेच्या कुप्या व बाटल्या आणि शरीरात बसविण्याच्या धातूच्या पट्ट्या. माखलेला कचरा व शरीराचे भाग प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, पिशव्यांवर बारकोड असावा, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्राची सेवा मिळत असेल तर रुग्णालयाने स्वतःची वेगळी यंत्रणा उभारू नये, असेही हे नियम सांगतात.

अलीकडच्या सरकारी अहवालांनुसार आपल्या देशात दररोज सुमारे सातशे टन जैव-वैद्यकीय कचरा निघतो आणि त्यासाठी दोनशेहून अधिक सामाईक केंद्रे आहेत. व्यवस्था कागदावर नाही असे म्हणता येणार नाही. प्रश्न ती बादलीपर्यंत पोहोचते की नाही, हा आहे.

पुनर्वापर आणि पुनश्चक्रीकरण

आपण मराठीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. घरातल्या कचऱ्याच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र या दोन शब्दांत जीवनमरणाचे अंतर आहे.

वस्तू आहे त्याच रूपात पुन्हा वापरणे म्हणजे पुनर्वापर. वस्तू मोडून तिच्या मूळ द्रव्यापासून दुसरीच वस्तू करणे म्हणजे पुनश्चक्रीकरण. पोलादी ट्रे, शस्त्रक्रियेच्या कात्र्या, सुती चादरी या नीट निर्जंतुक करून पुन्हा वापरण्यासाठीच बनविलेल्या असतात. एकदाच वापरायची सिरिंज तशी नसते. ती धुऊन, नव्या वेष्टनात घालून पुन्हा बाजारात आणणे हा गुन्हा आहे.

काटकसर हा आपला जुना संस्कार. वर्तमानपत्राची रद्दी, तेलाचा डबा, जुने लुगडे यांतले आपण काहीच वाया घालवत नाही. भंगाराचा बाजार याच संस्कारावर उभा आहे, आणि त्याने देशाचे फार मोठे काम केले आहे. पण याच बाजारात रुग्णालयाच्या मागच्या दाराने अखंड सिरिंजा गेल्या की काय होते, हे गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा या गावाने २००९ साली पाहिले. तेथे हिपॅटायटिस-बी या यकृताच्या रोगाची साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. तपासात वापरलेल्या सुया-सिरिंजांचा पुन्हा वापर झाल्याचे पुढे आले आणि भंगाराच्या गोदामांतून वापरलेल्या सिरिंजांचे साठे सापडले. केवळ आपल्याच देशाची ही गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २००० या एका वर्षात दूषित सिरिंजांमुळे जगात सुमारे २ कोटी १० लाख लोकांना हिपॅटायटिस-बीचा आणि २ लाख ६० हजार लोकांना एच.आय.व्ही.चा संसर्ग झाला. पुढच्या दहा वर्षांत हे आकडे पुष्कळ खाली आले. २०१० साठीचा अंदाज अनुक्रमे १७ लाख आणि सुमारे ३४ हजार असा आहे. म्हणजे प्रयत्न केले तर फरक पडतो. आपल्याकडे २००५ पासून लसीकरणात एकदा वापरताच आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा आल्या, त्याही याच प्रयत्नांतल्या.

तेव्हा लाल पिशवीचा मार्ग असा ठरला आहे : आधी निर्जंतुकीकरण, मग तुकडे, मग विक्री. निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये होते. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचेच. दाब वाढवला की वाफेचे तापमान १०० अंशांच्या वर जाते. कचऱ्यासाठीच्या यंत्रात १२१ अंश सेल्सियसला सुमारे तासभर वाफ दिली जाते. जंतू खरोखर मेले का, हे पाहण्यासाठी उष्णतेला सर्वांत चिवट असलेल्या एका जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवतात. ते मेले तर बाकीचे मेलेच. त्यानंतर यंत्राने प्लॅस्टिकचे बारीक तुकडे करतात. माझ्या मते या साऱ्या साखळीतली सर्वांत शहाणपणाची पायरी हीच. वाफेने जंतू मरतात, पण तुकडे केल्याने मोह मरतो. तुकडे झालेली सिरिंज कोणी धुऊन विकू शकत नाही. तिचे मग प्लॅस्टिकचे दाणे होतात आणि दाण्यांपासून दुसरी एखादी वस्तू. असे हे तुकडे फक्त नोंदणीकृत व्यवसायिकालाच द्यायचे, असा नियम आहे.

जाळून प्रश्न सुटतो काय?

कचरा जाळला की संपला, ही आणखी एक समजूत. पदार्थ नाहीसा होत नाही, त्याचे रूप बदलते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. क्लोरिन असलेले प्लॅस्टिक, उदाहरणार्थ पी.व्ही.सी.च्या नळ्या व पिशव्या, कमी उष्णतेवर जाळले तर डायॉक्सिन व फ्युरान या नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. ती हवेतून जमिनीवर, गवतावर बसतात, जनावरांच्या चरबीत साठतात आणि दुधावाटे आपल्यापर्यंत येतात. वर्षानुवर्षे ती नष्ट होत नाहीत. त्यांतला सर्वांत विषारी प्रकार माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झाले आहे. २००१ च्या स्टॉकहोम करारात वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्यांचा उल्लेख या द्रव्यांचे एक उगमस्थान म्हणून आला आहे.

म्हणून भट्टीला दोन कप्पे हवेत, पहिल्यात निदान ८०० अंश आणि दुसऱ्यात सुमारे १०५० अंश सेल्सियस तापमान हवे, धूर दुसऱ्या कप्प्यात किमान दोन सेकंद राहायला हवा, असे आपले नियम सांगतात. क्लोरिनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या व हातमोजे वापरातून काढून टाकण्यासाठी मार्च २०१९ ही मुदत घातली गेली. रक्ताच्या पिशव्या तेवढ्या वगळल्या. तरीही भट्टीच्या शेजारी कोण राहते, हा प्रश्न उरतोच. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी वस्तीजवळच्या अशा केंद्राविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २०२३ साली उच्च न्यायालयाने ते केंद्र दोन वर्षांत दुसरीकडे हलविण्यास सांगितले. शहराच्या एका टोकाला श्रीमंत रुग्णालये आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा धूर, ही विभागणी आपोआप झालेली नाही. स्वस्त जमीन आणि स्वस्त माणूस जिथे असतो तिथेच कचरा जातो.

मुळातच कमी करणे

कचऱ्याची सर्वांत चांगली विल्हेवाट म्हणजे तो निर्माणच न होऊ देणे. हे रुग्णालयात कसे शक्य आहे, असा प्रश्न येईल. एक उदाहरण देते.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायची सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पाजायला नातेवाईकच होते. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. आज आपण याला जलसंजीवनी म्हणतो. या शोधाकडे प्राण वाचविणारा शोध म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने पाहा : जलसंजीवनीच्या प्रत्येक पेल्याबरोबर एक सलाईनची बाटली, एक नळी, एक सुई आणि काही बोळे वाचतात. चांगले वैद्यक आणि कमी कचरा यांत विरोध नाही, हे यावरून दिसते.

उलट आपल्याकडे काय चालते? ‘डॉक्टर, सुई मारा, गोळीने बरं वाटत नाही,’ असे आपणच म्हणतो. जरा अशक्तपणा आला की ‘एक सलाईन लावून टाका’ असा आग्रह धरतो, आणि सुई न मारणाऱ्या डॉक्टरला हाताला गुण नाही असे म्हणून दुसऱ्याकडे जातो. जिथे गोळीने काम भागते तिथे टोचलेले प्रत्येक इंजेक्शन हे अनावश्यक खर्च, अनावश्यक धोका आणि अनावश्यक कचरा असे तिहेरी नुकसान आहे. कचऱ्याचे मूळ कित्येकदा रुग्णाच्या आग्रहात असते, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे.

आणखी काही मार्ग साधे आहेत. आधी आलेले औषध आधी वापरले तर मुदत संपून टाकून द्यावे लागत नाही. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून गोबरगॅस किंवा खत होते. पाऱ्याच्या तापमापीऐवजी अंकदर्शक तापमापी आली की फुटण्याचा आणि पारा सांडण्याचा प्रश्न मिटतो. २०१३ च्या मिनामाता करारात पाऱ्याच्या तापमापींचे व रक्तदाबमापकांचे उत्पादन थांबविण्यासाठी २०२० हे वर्ष ठरले होते. क्ष-किरण फिल्मचे उदाहरण तर फार बोलके आहे. या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. फिल्म धुताना त्यातली बरीचशी चांदी द्रावणात उतरते. ते द्रावण गटारात ओतले तर विष. त्यातून वीजप्रवाहाने चांदी वेगळी काढली तर पैसे. संगणकावर क्ष-किरण चित्र दिसू लागल्यावर जिथे फिल्म आणि द्रावण दोन्ही गेले, तिथे हा प्रश्नही गेला.

कोरोनाच्या साथीने याच्या अगदी उलट दिशेचा अनुभव दिला. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात एकट्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतून निरनिराळ्या देशांना पाठविलेली संरक्षक साधने सुमारे ८७ हजार टन होती, आणि त्यांतली बहुतेक कचऱ्यात जाणार, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. भीतीपोटी जिथे गरज नव्हती तिथेही हातमोजे आणि झगे वापरले गेले. संकटात विचारपूर्वक वागणे कठीण असते हे खरे. म्हणूनच सवय आधीपासून हवी.

ज्यांच्या हातांतून हे सारे जाते

हा लेख लिहिण्यापूर्वी मी आमच्या भागातील एका खाजगी रुग्णालयात परवानगी काढून दोन दुपारी घालविल्या. चारही रंगांच्या बाद्या ओळीने मांडलेल्या होत्या, भिंतीवर तक्ता होता. तक्ता इंग्रजीत होता. बाद्या रिकाम्या करणाऱ्या मावशींना मी विचारले, ‘मावशी, यावर काय लिहिलंय?’ त्या म्हणाल्या, ‘पोरी, मला रंग कळतात, अक्षरं नाही कळत. पण पिशवीत सुई आहे का नाही, ते रंगावरून बी कळत नाही. ते उचलल्यावर हाताला कळतं.’

मावशींचे हे वाक्य मला पुस्तकातल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवून गेले. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस-बीच्या रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. एच.आय.व्ही.च्या बाबतीत ती हजारात तीन. पहिल्या रोगावर स्वस्त आणि खात्रीची लस आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ती टोचली पाहिजे असे २०१६ चे नियम स्पष्ट सांगतात. मावशींना लस मिळाली होती का? त्यांना आठवत नव्हते. त्या कंत्राटदाराकडून आलेल्या होत्या आणि आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याच रुग्णालयात होत्या. नियमातला ‘कर्मचारी’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचता पोहोचता कंत्राटात अडकला होता.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. बऱ्याच ठिकाणी प्रक्रिया केंद्र रुग्णालयाकडून दर खाटेमागे ठरावीक रक्कम घेते. कचरा निम्मा केला तरी रक्कम तीच. मग कमी करण्याची तसदी कोण घेणार? उलट किलोमागे आकारणी केली तर रुग्णालयाला दुसराच मोह होतो. पिवळ्या पिशवीतला कचरा गुपचूप नगरपालिकेच्या कुंडीत टाकला की पैसे वाचतात, आणि तो कुंडीतून उचलतो कचरावेचक. म्हणजे कोणताही दर निवडा, हिशेबात न धरलेली किंमत शेवटी खालच्या माणसाच्या हातावर येऊन पडते. यावर उपाय एकच दिसतो : दर कोणताही असो, खाटांच्या मानाने कचरा किती निघावा याचा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद यांचा मेळ दर महिन्याला पाहिला पाहिजे, आणि तो हिशेब लोकांना पाहता आला पाहिजे.

आपण काय करू शकतो?

हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा आहे असे समजून आपल्याला बाजूला होता येणार नाही. मधुमेहाच्या रुग्णाची इन्शुलिनची सुई, आजारी आजोबांचे डायपर, घरी बदललेली पट्टी हा सारा रुग्णालयीन कचराच आहे. फक्त तो घरात निघतो. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे आवाहन नागरिकांना केले. एका ठिपक्याला खर्च काय? पण तो ठिपका पाहून पलीकडच्या बाईला आपला हात सावरता येतो. घरातल्या सुयांसाठीही जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा ठेवणे आणि तो भरला की दवाखान्यात किंवा पालिकेच्या व्यवस्थेत वेगळा देणे, एवढे सहज जमण्यासारखे आहे.

आणि आपले महाविद्यालय? राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपल्याकडे रक्तदान शिबिर भरते. किती बाटल्या रक्त जमले याचा आकडा आपण फलकावर लिहितो. २०१६ च्या नियमांत रक्तदान शिबिरे आणि शाळांतील प्रथमोपचाराच्या खोल्या यांचाही उल्लेख आहे. म्हणून माझी प्राध्यापकांना व विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक सूचना आहे. पुढच्या शिबिरात दोन स्वयंसेवक फक्त याच कामासाठी नेमावेत. बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात आणि बिस्किटांचे कागद साध्या कचऱ्यात जातात की नाही हे त्यांनी पाहावे. पिशव्या रक्तपेढीच्या गाडीतूनच परत गेल्या याची नोंद घ्यावी. मराठीत लिहिलेला आणि चित्रे काढलेला एक तक्ता आपल्या चित्रकला मंडळाने तयार करावा, म्हणजे अक्षरे न कळणाऱ्यालाही तो वाचता येईल. फलकावर रक्ताच्या बाटल्यांच्या आकड्याखाली आणखी एक ओळ असावी : या शिबिरात कोणालाही सुई टोचली नाही.

रक्तदान हे दुसऱ्याच्या जीवासाठी केलेले दान आहे. त्याच दिवशी संध्याकाळी मांडव झाडणाऱ्या माणसाचा जीवही त्या दानात धरला, तरच ते पुरे होईल.